मुलांनी ऐकलं तर?

वर्गावर जाताना शिक्षकाला एकच भीती असते, मुलं ऐकतील की नाही. सरांना उलटी भीती होती. तासाच्या आधी स्टाफरूमच्या खिडकीशी उभे राहून, हातातला खडू उगीचच फिरवत, ते स्वतःशीच म्हणायचे, “आणि मुलांनी ऐकलं तर?”

नव्याने आलेल्या शिक्षकांना हा विनोद वाटायचा. ते हसायचे. सर हसायचे नाहीत. मग ते शिक्षकही हळूहळू हसायचे थांबायचे आणि सर खिडकीशी असले की दुसऱ्या खिडकीपाशी जाऊन बसायचे.

आमची शाळा वसईत, माणिकपूरला. मी मराठी शिकवते आणि ग्रंथालय सांभाळते. सर शारीरिक शिक्षण आणि आरोग्य शिकवायचे. खेळाच्या तासाला निदान चेंडू तरी असतो. आरोग्याच्या तासाला काहीच नसतं. वेळापत्रक लावताना सगळे विषय बसवून झाले की जी फट राहते, त्या फटीत आरोग्य. गणिताचा अभ्यासक्रम मागे पडला की तो तास गणिताला जायचा, स्नेहसंमेलन जवळ आलं की नाचाला. “आरोग्याचं काय, ते असतंच,” असं आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मनापासून म्हणायच्या.

सर मूळचे घाटावरचे आणि शाकाहारी. उभी नोकरी वसईत काढली, पण मासळीला तोंड लावलं नाही. आमच्या भागात हे व्रत समजत नाहीत, दुखणं समजतात. पाचवीची मुलं दरवर्षी मला विचारायची, “टीचर, सरांना डॉक्टरने मना केलंय का?”

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी, गेल्या महिन्यात, ते झोपेत गेले. आरोग्याच्या पुस्तकात ज्याच्यावर एकही धडा नाही असं मरण त्यांना आलं. शोकसभेत मोठ्या बाई म्हणाल्या की सरांनी आरोग्याचा संदेश घराघरांत पोहोचवला. हे खरंच आहे. मात्र पहिल्यांदा तो पोहोचला तेव्हा घराघरांतून बायका शाळेवर चालून आल्या होत्या, हे सांगायचं त्यांनी टाळलं. शोकसभा होती, ते योग्यच झालं.

ते प्रकरण कोरड्या दिवसाचं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस घरातली सगळी भांडी, पिंपं रिकामी करायची, घासायची, कोरडी ठेवायची. वरून पत्रक आलं होतं. सर तेव्हा नवे होते, उत्साही होते, आणि इतर शिक्षकांप्रमाणेच मुलं ऐकत नाहीत या भरवशावर शिकवत होते. पण त्यांनी पाठ फार चांगला घेतला. डासाचं चित्र काढलं, अळ्या बाटलीत घालून आणल्या, त्या वळवळताना दाखवल्या. मुली किंचाळल्या. तास संपताना त्यांनी सांगितलं, उद्या शनिवार, उद्या आपल्या घरी कोरडा दिवस.

आमच्याकडे पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली बरीच मुलं येतात. शनिवारी सकाळी त्या मुलांनी ऐकलं. आया बाजारात होत्या, बाप दर्यावर. पोरांनी पिंपं आडवी केली, हंडे उलथे केले, घासले आणि उन्हात ओळीने लावले. पाचूबंदरला पाणी एक दिवसाआड यायचं, आणि ते शुक्रवारी येऊन गेलं होतं.

शनिवारी मुलांना सुटी असायची, शिक्षकांना नाही. दुपारी शाळेच्या फाटकात बायका आल्या. प्रत्येकीच्या कमरेला रिकामा हंडा. पुढे फिलूमावशी. ही माणिकपूरच्या बाजारात मासळी विकते. आवाज असा की बाजाराच्या एका टोकाला भाव सांगितला तर दुसऱ्या टोकाचं गिऱ्हाईक घासाघीस सुरू करतं.

“कोन मास्तर तो?” तिने विचारलं.

सर पुढे झाले.

“तुमीच का? पोरांना सांगितलं पानी ओता म्हनून?”

“डेंग्यूचा डास, मावशी…”

“डास ऱ्हायले बाजूला. आता माझी सून पोराला कशानं धुनार? तुमच्या खडूनं?”

सरांनी शाळेच्या टाकीचा नळ उघडून दिला. बायकांनी हंडे भरले, आणि शाळेची टाकी कोरडी झाली. त्या दिवशी वसईत पूर्णपणे कोरडा दिवस पाळणारी संस्था आमचीच असावी.

जाताना फिलूमावशी म्हणाली, “शिकवता बरं तुमी. आमचे पोर कोनाचंच ऐकत नाय, तुमचं ऐकलं.”

ही स्तुती होती की शिवी, यावर सरांनी पुढची सगळी वर्षं विचार केला असावा. मला ते एकदा म्हणाले होते, “न ऐकणारी मुलं ही फार मोठी सोय आहे हो. त्यांच्यामुळे आपल्या चुका झाकून राहतात. तुमची चूक वहीत राहते. माझी घरात जाते, पोटात जाते.”

तेव्हापासून त्यांच्या पाठाच्या टाचणाला एक जादा रकाना आला. आम्ही सगळे लिहितो तसं उद्दिष्ट, साधनं, मूल्यमापन. आणि शेवटी त्यांचा स्वतःचा, ‘ऐकल्यास’. मोठ्या बाई तो रकाना लाल पेनाने खोडायच्या. पुढच्या आठवड्यात तो परत यायचा.

हात धुण्याचा पाठ त्यांनी तीनदा पुढे ढकलला. मुलींच्या स्वच्छतागृहाचा नळ तेव्हा बंद होता. टाचणात त्यांनी लिहिलं होतं: उद्दिष्ट, जेवणाआधी हात धुणे. साधने, पाणी व साबण. ऐकल्यास, मुली रांगेत उभ्या राहतील व मधली सुटी संपेल. नेमके त्याच सुमारास एक अधिकारी शाळा तपासायला आले आणि त्यांनी हात धुण्याचाच आदर्श पाठ पाहायला मागितला. सर नम्रपणे म्हणाले, “पाठ तयार आहे साहेब. नळ तयार नाही.”

“नळाचं नंतर बघू. तुम्ही कृती करून दाखवा. हवेत.”

सरांनी हवेत हात धुतले. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, सगळं अगदी शास्त्रोक्त. मग ओले नसलेले हात झटकले, नसलेल्या टॉवेलला पुसले आणि वर्गाला म्हणाले, “आता जेवा.” मुलांनी हवेत डबे उघडले. अधिकाऱ्यांनी शेरा उत्तम दिला. मोठ्या बाई मात्र लाल झाल्या, आणि सोमवारी प्लंबर आला.

फळं खाण्याच्या पाठालाही असंच. हा पाठ कुठल्याही शिक्षकाला डोळे मिटून घेता येतो. सर आधी उमेळ्याला गेले. उमेळे माझं गाव. वाडीवाडीतून चिकू, केळी, आंबे. गावातल्या मुलांना रोज एक फळ खायला सांगितलं तर ती कोणाचं खातील, हे बघायला ते कुंपणाकुंपणाने हिंडले. आमच्या काकांनी त्यांना वाडीत पकडलं.

“काय पाहिजे?”

“काही नाही. आपलं कुंपण बघत होतो.”

“का?”

“मुलांना फळं खायला सांगायचंय.”

काकांनी त्यांना वाडीबाहेर काढलं आणि संध्याकाळी मला म्हणाले, “तुझ्या शाळेत एक वेडा आहे.” पण त्याच आठवड्यात त्यांनी कुंपणालगतच्या एका चिकूवर खुणेचं फडकं बांधलं: हे पोरांचं. आता त्या वाडीच्या जागी सात मजली इमारत उभी आहे. फळांचा पाठ आता कोणीही निर्धास्तपणे घ्यावा.

तंबाखूचं मात्र सरांनी वर्षानुवर्षं टाळलं. शाळा तंबाखूमुक्त असल्याची पाटी फाटकावर होती. महिन्यातून एकदा मुलं प्रार्थनेनंतर शपथ घ्यायची, मी तंबाखू खाणार नाही आणि इतरांनाही खाऊ देणार नाही. फाटकाबाहेर रिक्षात बसलेले काही बाप मळत असलेला हात तेवढ्यापुरता थांबवायचे, शपथेला मान म्हणून. सर शपथ सांगायला उभे असायचे, पण ‘इतरांनाही’ आलं की नुसते ओठ हलवायचे. मी एकदा कारण विचारलं.

“इतर म्हणजे कोण? आजी,” ते म्हणाले. “पोरांनी ऐकलं तर ती आजीची मशेरी फेकून देतील.”

मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली तंबाखू. भाजून, कुटून, डबीत भरून ठेवायची आणि सकाळी उठल्या उठल्या दातांना घासायची. आमच्या भागातल्या कित्येक जुन्या बायकांचा दिवस तिच्यावाचून सुरू होत नाही. डोकं चालत नाही, पोट साफ होत नाही, तोंडाला बोलणं फुटत नाही. मशेरीवाचून बाजारात बसलेली कोळीण म्हणजे भाव न सांगणारी कोळीण. घराची चूल त्या भावावर चालायची.

सरकारी भिंतचित्रं शाळेत आली होती, जबडा सडलेल्या माणसांची. सरांनी ती खेळाच्या सामानाच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून ठेवली. “हे बघून मूल घरी जाऊन आजीला काय सांगणार? तू अशी मरणार. मग आजी तोंड उघडेल? ती तोंड मिटेल, आणि आपल्याला हवंय ते उघडायला.”

म्हणून अखेर त्यांनी जो पाठ घेतला त्यात ‘सोडा’ हा शब्द नव्हता, त्या आजाराचं नावही नव्हतं. सातवीच्या मुलांना त्यांनी फक्त तोंडात बघायला शिकवलं. निरोगी गाल आतून कसा दिसतो, घासून न जाणारा पांढरा चट्टा कसा असतो, लाल कसा, न भरणारा फोड कसा ओळखायचा, उघड्या तोंडात तीन बोटं उभी मावतात का. मुलांनी आधी एकमेकांच्या तोंडात पाहिलं. वर्गात कांद्याचा वास भरून राहिला.

पुढच्या तासाला सर स्वतः आजी झाले. डोक्यावरून पंच्याचा पदर घेतला आणि खुर्चीत फतकल मारून बसले. मुलांनी एकेक येऊन आजीला तोंड उघडायला लावायचं. मी शेजारच्या वर्गातून येऊन दारात उभी होते.

पहिला मुलगा म्हणाला, “आजी, तंबाखू आरोग्यास घातक आहे.”

“तुझा आजाबी हेच सांगत होता,” आजी म्हणाली. “घातक होती तर तो आधी कसा गेला? चल हट.”

दुसरा म्हणाला, “आजी, तू तोंड नाही दाखवलंस तर मरशील.”

आजीने ओठ घट्ट मिटले, भिंतीकडे तोंड फिरवून बसली आणि पुढच्या चार मुलांशी बोललीच नाही. वर्ग हसून हसून दमला आणि मग चिंतेत पडला. तास संपत आला होता.

तेव्हा जेनी उठली. ही फिलूमावशीची नात, लेकीची लेक, एरवी वर्गात गप्प असणारी. ती आजीच्या गुडघ्याशी बसली आणि हळूच म्हणाली, “आजी, याचे मार्क आहेत. तू आ केलंस तर मी पास.”

सरांनी लगेच आ केलं. जेनीने उजेडाकडे त्यांची मान वळवली, दोन्ही गाल पाहिले, जीभ वर करायला सांगितली. मग सर पदर काढून म्हणाले, “पास.” वर्गाला म्हणाले, “घरी हेच सांगा. मार्क मी खरोखर देणार आहे, म्हणजे खोटं बोलल्याचं पाप नको.”

रविवारी ते पाचूबंदरला गेले आणि मलाही घेऊन गेले. “तुम्ही चला,” म्हणाले, “मला एकट्याला बघून फिलूमावशी तोंड उघडेल, पण ते तपासायला नाही.”

त्या सकाळचं दृश्य मी विसरणार नाही. चर्चमधली मिस्सा आटोपून, बाजाराला निघायच्या आधी, सुकत घातलेल्या बोंबलांच्या वलांडीच्या दोऱ्यांखाली, दारादारांत म्हाताऱ्या उन्हाकडे तोंड करून बसल्या होत्या. सगळ्यांची तोंडं उघडी. समोर नातवंडं वाकलेली, हातात मोबाइलचे दिवे, चेहरे गंभीर. एक आजी मध्येच तोंड मिटून ओरडली, “अरे मेल्या, दात मोजू नको, गाल बघ.” चर्चमधून परतणारे फादर क्षणभर थांबले, त्यांना बहुधा वाटलं की त्यांच्या प्रवचनाचा परिणाम असा कधी झाला नाही.

फिलूमावशीच्या डाव्या गालात चट्टा होता. जेनीने बाही धरून ओढलं तसे सर वाकले, छोटी बॅटरी खिशातून काढून त्यांनीही पाहिला.

“तो माझ्या लग्नाएवढा जुना हाय,” फिलूमावशी म्हणाली. “मशेरी तिथं ठेवते मी. जागा हाय ती तिची.”

“मावशी, डॉक्टरला दाखवायला पाहिजे.”

“दाखवला ना तुमाला. पोरीला पास करा.”

जेनी पास झाली आणि डबा खायची थांबली. मधल्या सुटीत ग्रंथालयात येऊन बसायची, पुस्तक उघडायची, पान उलटायची नाही. चट्टा तिने शोधला होता. आजी गेली तर ते आपण बघितल्यामुळे, असं काहीसं तिच्या मनाने घेतलं असावं. आई तिला लहानपणीच सोडून गेलेली. ही आजी म्हणजेच घर. मी सरांना सांगितलं. त्यांनी खिडकी गाठली. त्यांच्या रकान्यात सगळं होतं: कुठलं रुग्णालय, कुठला विभाग, डॉक्टरांशी आधी बोलून ठरवलेला दिवस, रिक्षा, सोबत सून. नातीच्या जेवणाचं तेवढं नव्हतं.

त्या संध्याकाळी ते बाजारात गेले आणि डॉक्टरांनी दिलेला दिवस फिलूमावशीला सांगितला. बुधवार.

तिने कोयता खाली ठेवला. “मास्तर, बुधवारी मच्छीवाली दवाखान्यात जाते?”

सर गोंधळले. वसईत उभी हयात काढलेल्या माणसाला बुधवारचं हे महत्त्व ठाऊक नव्हतं, कारण बुधवारी कोण काय खातं याच्याशी त्यांचा कधी संबंधच आला नाही. सोमवार, गुरुवार, शनिवार निम्मं गाव पाळतं; बुधवार, शुक्रवार, रविवारी बाजारात पाय ठेवायला जागा नसते. त्यातून एक बुधवार जागा रिकामी राहिली तर ती कायमची शेजारणीची होते, असा बाजाराचा न लिहिलेला कायदा.

“दुसरा दिवस मागतो,” सर म्हणाले. पुढचा दिवस दीड महिन्यानंतरचा मिळत होता.

“मग जाईन तवा. इतकी वर्सं हाय तो, आनि दीड महिना काय.”

सर म्हणाले, “बुधवारी मी बसतो तुमच्या जागेवर.”

फिलूमावशी हसली तशी दोन्हीकडच्या कोळणी हसल्या. पण मागे जेनी उभी होती. तिच्याकडे बघून आजीने कोयता परत उचलला आणि म्हणाली, “बसा. पन मच्छीला हात लावाल का तुमी?”

“हात लावायला काय झालं,” सर म्हणाले. “मी धुतो नेहमी.”

बुधवारी त्यांनी किरकोळ रजा टाकली. कारणाच्या जागी काय लिहिलं ते मोठ्या बाईंनी आम्हाला सांगितलं नाही. मधल्या सुटीत मी बाजारात गेले. सर फिलूमावशीच्या पाटावर बसले होते, कंबरेला तिचं गोणपाट, समोर पापलेट, बांगडे, बोंबील यांचे वाटे लावलेले. नाकाला रुमाल नव्हता. चेहरा मात्र श्वास रोखून धरलेल्या माणसाचा. कापून द्यायचं काम शेजारीण करत होती, आणि तिचा चेहरा वेगळ्याच कारणाने लाल होता.

कारण सर गिऱ्हाइकांना खरं सांगत होते.

“ताई, हा वाटा आजचा. तो कालचा आहे, बर्फातला.”

“कालचा?”

“डोळे बघा ना. आजच्याचा डोळा फुगीर आणि स्वच्छ आहे. त्याचा आत गेलाय. कल्ला उचला. लाल आहे? मग घ्या. तपकिरी असेल तर नका घेऊ. बोटाने दाबा, खड्डा राहिला तर…”

मी त्यांना इतक्या वर्षांत इतकं रंगात येऊन शिकवताना पाहिलं नव्हतं. आणि असा वर्गही त्यांना कधी मिळाला नव्हता. बायका पिशव्या खाली ठेवून ऐकत होत्या. मागच्या रांगेतल्या पुढे येत होत्या. कोणीतरी फोनवर सांगत होतं, “अगं इकडे ये, एक मास्तर बसलाय, शिळी कुठली ते सांगतोय.” हे शिकलेल्या बायका लगेच शेजारणीच्या पाटावर जाऊन तिच्या मासळीचे कल्ले उचलू लागल्या.

“ए मास्तर,” शेजारीण ओरडली, “शाळा सुटली तुमची. घरी जा.”

त्या दिवशी ते स्वतःला एक प्रश्न विचारायला विसरले होते. मीही आठवण करून दिली नाही. त्यांना असं बघायला बरं वाटत होतं.

मी निघणार एवढ्यात फिलूमावशी रिक्षातून उतरली. सोबत सून आणि शाळेतून परस्पर गेलेली जेनी. गालातला तुकडा काढून तपासणीला पाठवला होता, तोंडात कापसाचा बोळा होता आणि संध्याकाळपर्यंत बोलायची बंदी होती. तिने पाटाकडे पाहिलं. ताजा माल संपला होता. कालचा होता तसाच होता, नीट वेगळा मांडलेला, आणि त्याच्याभोवती एकही गिऱ्हाईक नव्हतं. शेजारणीने काय घडलं ते तिला सगळं सांगितलं, आवाज न दाबता.

बाजारातली सगळ्यात मोठ्या आवाजाची बाई त्या दिवशी काही बोलू शकली नाही. तिचे डोळे फिरले, हात वर गेले, कापसामागून एक घुसमटलेला हुंकार आला. मग तिने ती कालची मासळी एका पिशवीत कोंबली आणि सरांच्या छातीवर आदळली. घेऊन जा.

सर पिशवी घेऊन माझ्यामागे शाळेपर्यंत आले आणि फाटकात ती माझ्या हातात दिली. रात्री आम्ही घरी ती खाल्ली. आई म्हणाली, काही बिघडलं नाही हिला, कोण म्हणतं शिळी.

तपासणीचा निकाल येईपर्यंत जेनी ग्रंथालयात तेच पान धरून बसायची. निकाल आला: बिघडलेलं नाही, पण बिघडायच्या वाटेवर होतं. मशेरी बंद करायची, सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, आणि मधे दर महिन्याला घरच्या कोणीतरी तोंडात बघत राहायचं. जेनीने त्या दिवशी डबा खाल्ला आणि माझ्या टेबलावर बोंबलाची चटणी सांडली.

फिलूमावशीने मशेरी सोडली. सोडली म्हणजे शिव्या देत सोडली. पुढचं वर्षभर तिचं डोकं दुखायचं, आणि दुखलं की ती सगळ्या बाजाराला त्याचं कारण नावानिशी सांगायची. एकदा तिने हिशोब चुकून जास्त पैसे परत दिले, ते मी घेतले नाहीत तर म्हणाली, “घ्या टीचर. त्या मास्तरानं माझी अक्कल नेली मशेरीसोबत.”

जेनी मोठी झाली, हॉटेल मॅनेजमेंट शिकायला गोव्याला गेली. तोंडात बघायचं काम मग सरांकडे आलं, कारण सुनेचं धारिष्ट होत नव्हतं आणि मुलगा दर्यावर. महिन्याच्या पहिल्या शनिवारी सर बाजारात तिच्या पाटासमोर उकिडवे बसायचे. निवृत्तीनंतरही. शनिवार गिऱ्हाईक कमी म्हणून तिनेच ठरवलेला. ती आ करायची, सर बॅटरी पाडायचे, डावा गाल, उजवा गाल, जीभ वर. समोर उभं गिऱ्हाईक पापलेट हातात धरून थांबायचं. मग सर बॅटरी विझवून म्हणायचे, “पास.” फिलूमावशी तोंड मिटायची आणि लगेच त्यातून काहीतरी बोलायची, बहुतेक सरांच्या तब्येतीबद्दल. “मास्तर, किती वाळलात. एक दिस बांगडा खावा, मरनार नाय.”

शोकसभेला ती आली होती. मागच्या बाकावर बसली, पदर तोंडाला लावून. कोणी बोलायला सांगितलं नाही आणि ती बोललीही नाही.

सरांचे तास आता मला दिले आहेत. मराठीच्या शिक्षकाला आरोग्य का, तर माझ्या वेळापत्रकात फट होती. पहिला पाठ कुठला घ्यावा ते अजून ठरलेलं नाही. टाचण लिहायला बसले की शेवटचा रकाना आखते आणि खिडकीकडे बघते.

परवा शनिवारी घरची भाजी घ्यायला बाजारात गेले होते. मासळीच्या रांगेतून पुढे जात होते तर मागून हाक आली.

“टीचर. पैला शनवार आज.”

फिलूमावशीने हातातला कोयता गोणपाटाला पुसून बाजूला ठेवला, उजेडाकडे तोंड केलं आणि आ केलं.

“मावशी, मला यातलं काही कळत नाही. जेनीला…”

तिने तोंड मिटलं नाही. फक्त हाताने खाली बस म्हणून खूण केली.

मी बसले. मोबाइलचा दिवा लावला. ती तोंड उघडं ठेवूनच काहीतरी बोलली. मास्तरांची बॅटरी बरी होती, असं असावं. मी डावा गाल पाहिला. गुलाबी होता, एका जागी जरा पांढरट, जुन्या टाक्याची खूण. उजवा पाहिला. जीभ वर करायला सांगितली. वर्गाच्या दारात उभं राहून ऐकलेलं, बघितलेलं होतं तेवढंच माझ्याजवळ होतं.

दिवा विझवून मी उठू लागले. तिचं तोंड तसंच उघडं. मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, शेजारीण बघत होती. फिलूमावशी माझ्याकडे डोळे लावून आ करून बसली होती, हलायला तयार नव्हती. तेव्हा माझ्या लक्षात आलं की ती कशाची वाट बघते आहे.

“पास,” मी म्हटलं.

मग तिने तोंड मिटलं.

“काय देऊ?” ती म्हणाली. “पापलेट आजचं हाय. डोळे बघून घ्या.”